डायलखालची मिरची

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून "ताई, डायल ओरिजिनल आहे का?" असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. पूर्वी द्यायचे. आता एकच ओळ पाठवते, घड्याळ घेऊन दुकानात या. काही येतात, बरेचसे रागावतात. एका शौकिनाने तर मला सुनावलं की मोठमोठे जाणकार फोटोवरून सांगतात, तुम्ही नंदुरबारच्या बोळात बसून एवढे नखरे कशाला करता. मी त्याला ब्लॉक केलं.

माझं दुकान बोळातच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दार उघडलं की टेबल, टेबलासमोर एक स्टूल, आणि स्टुलावर बसलेल्याचे गुडघे माझ्या टेबलाला लागतात. वडील इथेच बसायचे. त्यांनी भावाला हे काम शिकवायचा खूप प्रयत्न केला. भाऊ मोबाईल विकायला सुरतेला निघून गेला, आणि मला कुणी शिकवायला बसवलं नव्हतं, तर मी शेजारी बसून बघत बघत शिकले. वडील गेल्यावर लोक धरूनच चालले होते की दुकान बंद होणार. तेराव्यानंतरच्या सोमवारी मी शटर वर केलं. पुढचे सहा महिने येणारा प्रत्येक माणूस आत डोकावून विचारायचा, "कोणी नही का?" मी त्याच्या समोर भिंग लावून बसलेली असायचे.

आता कोणी तसं विचारत नाही. आता विचारतात ते जुन्या साखळीच्या घड्याळांबद्दल. ज्यांच्या आजोबांच्या बंडीच्या खिशात असं घड्याळ होतं, त्या सगळ्यांना एकाच वेळी ट्रंका उघडायची हुक्की आली आहे. कुठेतरी व्हिडिओ बघतात, त्यात सांगितलेलं असतं की डायल मूळची असेल तर घड्याळ भारी, बदललेली असेल तर भंगार. मग ते मला धाप लागल्यासारखे विचारतात, मूळची ना, मूळची ना? मला या प्रश्नाचाच राग येतो. डायल बदलली म्हणून घड्याळ काही खोटं होत नाही. कुणी ती बदलली आणि वर बदललीच नाही म्हणून सांगितलं, तर तो माणूस खोटा होतो. हे मी आज तोंड वर करून म्हणते आहे खरी, पण ज्या घड्याळामुळे मला हे कळलं त्यात सगळ्यात आधी खोटी ठरले ती मीच. तेच सांगायचं आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत, सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा उरकून महिना झाला असेल, तेव्हा तापीकाठच्या एका गावाहून तिघं जण दुकानात आली. केळी-कापसाचं खटलं असलेल्या घरातला पन्नाशीचा माणूस, त्याची बायको आणि त्याची आत्या. आत्याला ते दोघं फुई म्हणत होते. मी तिला लगेच ओळखलं. धानोऱ्याच्या शाळेत ती मास्तरीण होती आणि निवृत्तीनंतरही दर मंगळवारी बस बदलून एकटी नंदुरबारला यायची, वाचनालयात पुस्तक बदलायला. माझ्या दुकानावरूनच तिचा रस्ता. लग्न केलं नव्हतं, भाच्याच्या घरात राहायची, स्वतःच्या पेन्शनवर आणि स्वतःच्या मर्जीने. सगळं गाव तिला बाई म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. त्या दिवशी बाईंना स्टुलावर बसवून भाचा त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायला लागला.

"ताई, फुईना डोकामा काहीतरी भरी गयं शे. तुम्ही दखी ल्या अन् सांगी द्या. ही डायल तीच शे ना?"

त्याने खिशातून घड्याळ काढलं. चांदीचं, जाड, पाठीला झाकण असलेलं. प्रकरण असं होतं. घड्याळ बाईंच्या वडिलांचं. ते इथे नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे दलाल होते, हंगामभर लिलावात उभे राहायचे आणि हे घड्याळ त्यांच्या बंडीच्या खिशात असायचं. त्यांच्यामागे जमीन भावांकडे गेली आणि घड्याळ बाईंकडे आलं. कित्येक वर्षं ते बंदच होतं. बाईंना पंचाहत्तरावं लागलं म्हणून भाच्याने ते त्यांच्या नकळत कपाटातून काढलं, सारंगखेड्याच्या जत्रेत जुनी घड्याळं मांडून बसणाऱ्या एका सुरती माणसाकडून चालू करून आणलं आणि वाढदिवसाला त्यांच्या हातात ठेवलं. बाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, ही तबकडी माझ्या वडिलांची नाही. त्यांच्या तबकडीला आठाच्या आकड्यापासून मध्यापर्यंत एक लाल रेघ होती. भाचा म्हणाला, तीच आहे, नुसती पुसून चकचकीत केली. बाई म्हणाल्या, रेघ पुसून जाईल कशी, ती भेग होती. आणि तिथून ते वाढत गेलं.

किती वाढलं ते मला त्याच्या बायकोने पदराआडून हळूच सांगितलं. फुईंना डॉक्टरला दाखवलं होतं. विसरायला होतं म्हणून गोळ्या सुरू होत्या. कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या, आणि आता एकटीने बसने जायचं नाही असं घरात ठरत आलं होतं. "वाट चुकली तर कोण धावणार?" ती म्हणाली. बाई समोर बसून सगळं ऐकत होत्या. हातातली कापडी पिशवी त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. पुस्तक आतच होतं, त्याचा कोपरा दिसत होता.

म्हणजे मला नुसती डायल बघायची नव्हती. बाईंचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे त्या लोकांनी माझ्या भिंगावर सोडलं होतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला मात्र तेव्हा एवढंच कळत होतं की एवढ्या मोठ्या घरची माणसं गाडी करून माझ्याकडे आली आहेत, सुरतेला गेली नाहीत. छाती थोडी फुगली होती.

अशा घड्याळांची डायल तांब्याच्या पातळ चकतीवर काचेचा पांढरा लेप भाजून केलेली असते. दिसायला चिनी मातीच्या बशीसारखी, म्हणून आम्ही तिला चिनी डायल म्हणतो. तिच्या पाठीला तांब्याचे छोटे पाय असतात, ते मशीनच्या प्लेटमधल्या भोकांत बसतात आणि कडेने बारीक स्क्रू त्यांना धरून ठेवतात. भलत्याच घड्याळाची डायल आणून बसवली तर पाय भोकांवर येत नाहीत. मग कारागीर पाय कापतात आणि डायल डिंकाने चिकटवतात, नाहीतर प्लेटला नवी भोकं पाडतात. सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचा मध्य सरकतो. मिनिटाचा काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही किंवा त्यांच्यावरून पुढे जातो. वडिलांनी मला हे सगळं शब्दांत कधी सांगितलं नाही, ते फक्त घड्याळ माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "पाय बघ."

मी मशीन बाहेर काढलं आणि कडेने पाय बघितले. अगदी जागच्या जागी. डिंक नाही, नवं भोक नाही, सेकंदाचा काटा बरोबर मधोमध. मिनिटाचा काटा रेघेला टेकलेला. पाठचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला माझ्या वडिलांची खूण. ते प्रत्येक घड्याळाच्या झाकणात आणि डायलच्या पाठीवरही सुईने एक छोटा त्रिकोण कोरायचे आणि जितक्या वेळा साफ केलं तितकी टिंबं झाकणातल्या त्रिकोणाखाली द्यायचे. त्रिकोणाखाली अकरा टिंबं होती. हे घड्याळ याच टेबलावर अकरा वेळा उघडलं गेलं होतं.

खरं तर त्यानंतर डायल उचलून तिची पाठ बघायची असते. पण चिनी डायल उचलताना जराशी वाकली तरी तडकते, भाचा मनगटावरचं घड्याळ बघत होता, आणि वडिलांची खूण बघून मी आधीच विरघळले होते. मी उचलली नाही.

"पाय बरोबर आहेत," मी म्हणाले. "डायल मूळचीच आहे."

"आणि भेग?" बाईंनी विचारलं.

यावर मी जे बोलले ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते. मी अगदी मास्तरणीसारखं त्या मास्तरणीला समजावलं, "बाई, काचेच्या लेपावरची भेग एकदा आली की जात नाही. कोणताही कारागीर ती बुजवू शकत नाही. आज भेग नाही, म्हणजे ती कधी नव्हतीच."

भाच्याने हात पसरले. झालं, आता पटलं का, असं काहीतरी म्हणाला. बाई उठल्या. दारात थांबून माझ्याकडे वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी येडी नही शे." आयुष्यभर शाळेतलं स्वच्छ मराठी बोललेली बाई, मी त्यांच्या तोंडून अहिराणी पहिल्यांदाच ऐकली. नंतर चार-पाच मंगळवार गेले, त्या रस्त्याने आल्या नाहीत.

मी अस्वस्थ होते असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मी मजेत होते. दोन-तीन जणांना मी ती गोष्टही सांगितली, म्हातारपणी माणूस कसं नसलेलं बघतो याची गोष्ट म्हणून.

फेब्रुवारीत एका दुपारी बाई दुकानात उभ्या राहिल्या. एकट्या. घरचे सगळे लग्नाला गेले होते, यांना गोळ्या देऊन झोपवून. गोळी त्यांनी गिळलीच नव्हती. दोन बस बदलून आल्या होत्या, कंडक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला, त्याने खिडकीशी बसवून आणलं. पिशवीतून त्यांनी केळी काढली, केळ्यांखालून रुमाल काढला आणि रुमालातून घड्याळ.

"तू त्या दिवशी डायल उचलली नाहीस," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. तुझे वडील उचलायचे."

त्या मुलगी असताना वडिलांबरोबर इथे यायच्या, हे मला माहीत नव्हतं. मिरचीचा हंगाम संपला की दलालसाहेब घड्याळ साफ करायला आणायचे, आणि ही मुलगी याच स्टुलावर बसून बघायची. माझे वडील तेव्हा नुकतंच दुकान टाकलेले तरुण. डायल उचलून ते तिला पाठ दाखवायचे आणि म्हणायचे, बघ, तुझे बाबा घड्याळालाही फोडणी देतात.

ऐकलं आणि मी चिमटा उचलला.

नंदुरबारला मिरचीच्या दिवसांत बाहेरचा माणूस स्टेशनवर उतरला की शिंकतो. गावाबाहेर पथाऱ्यांवर मैलभर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा सुटला की ती गावात शिरते. आम्ही शिंकत नाही. आमच्या नाकाला, डोळ्यांना ती जाणवतच नाही. वडील सांगायचे की इथल्या प्रत्येक जुन्या घड्याळात मिरची असते, साफ करताना आधी डोळे सांभाळ. मी शेकडो घड्याळांतून ती काढली आहे. बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या घड्याळात तर ती कडेने शिरते, काट्यांच्या भोकातून शिरते, तेलात कालवली जाते आणि डायलच्या भेगेत बसली तर भेग लाल दिसते. आणि माझ्यासमोर मिरचीच्या दलालाच्या घड्याळाची डायल होती, दुधासारखी पांढरी, लालपणाचा ठिपका नाही, आणि मला त्यात काही खटकलं नाही. सुरतेच्या एखाद्या कारागिराला खटकलं नसतं तर मी समजून घेतलं असतं. मी नंदुरबारची असून मिरचीच विसरले.

मी काटे काढले, कडेचे स्क्रू सैल केले आणि डायल उचलली.

खालची प्लेट तांबूस होती. स्क्रूच्या खाचांत, भोकांच्या कडांना, मधल्या चाकाभोवती जुन्या तेलात बसलेली विटकरी पूड. सुरती माणसाने वरून तेल मारलं होतं, खाली हात लावायचा आळस केला होता. आणि डायलची पाठ? स्वच्छ. राखाडी, कोरडी, तिच्यावर लालचा कण नाही. ज्या दोन वस्तू इतकी वर्षं तोंडाला तोंड लावून राहिल्या म्हणतात, त्यातली एक मिरचीने माखलेली आणि दुसरीला वासही नाही. वडिलांचा त्रिकोणही पाठीवर नव्हता. त्याऐवजी गुजराती लिपीत कुणीतरी दोन अक्षरं कोरलेली होती. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या दुसऱ्या घड्याळाची डायल होती ती. पाय बरोबर बसणारच होते.

मी काडीला कापूस गुंडाळला, प्लेटच्या कोपऱ्यात फिरवला आणि बाईंना दाखवला. मी अडवायच्या आत त्यांनी तो जिभेला लावला.

"तिखट आहे अजून," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

मला कुणाला धीर द्यायला जमत नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. शेजारचा शिवणकामवाला बाहेर येऊन उभा राहिला होता. काय चाललंय ते त्याने विचारलं, मी सांगितलं, तर मलाच समजवायला लागला. "ताई, त्यासना घरनी गोट शे. तुम्ही कसाले पडतस मधमा? बाईले सांगी दिधं ना, बस." बाईंना सांगितलं, संपलं. बाईंना काय सांगायचं होतं? त्यांना तर आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी मूळची म्हणून सांगितलं होतं, तेही भर दुकानात. मग खरं हळूच कानात सांगून कसं चाललं असतं? मी मशीन आणि डायल वेगवेगळे कापसात गुंडाळून एका रिकाम्या डब्यात ठेवले, कुलूप लावलं आणि बाईंबरोबर बसस्टँडवर गेले.

बसमध्ये बाई खिडकीतून बघत होत्या. पुलावरून तापी दिसायला लागली तेव्हा म्हणाल्या, लहानपणी मी त्या भेगेला तापी म्हणायचे. आठाकडून निघते आणि मध्यात मिळते. वडील चिडवायचे, तुझी तापी आज किती भरली आहे बघ. बोलताना त्यांच्या आवाजात जरासुद्धा डळमळ नव्हती. माझी मात्र पुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव चालली होती. मला माफी मागायची सवय नाही. या धंद्यात बाईने एकदा चुकले म्हटलं की पुढची दहा वर्षं लोक तेच ऐकवतात, म्हणून मी ते म्हणतच नाही.

घरी पोचलो तर सगळे नुकतेच लग्नाहून आले होते आणि ओट्यावर एकच गोंधळ. फुई कुठे गेल्या म्हणून चार माणसं केळीच्या मळ्यात शोधायला धावली होती. आम्हाला बघून भाचा तापला. बघा, म्हणाला, हेच सांगत होतो, कोणाला न सांगता निघून जातात. शेजारच्या दोन बाया आणि एक म्हातारे काका जमलेच होते. मला हेच हवं होतं. मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, डबा उघडला, प्लेट आणि डायल शेजारी शेजारी ठेवली.

"ही डायल या घड्याळाची नाही," मी म्हणाले. "बाई खरं बोलत होत्या."

"तुम्हीच तं सांगेल व्हतं, तीच शे!"

"सांगेल व्हतं," मी म्हणाले. "चुकनी मी."

म्हटलं एकदाचं. आभाळ कोसळलं नाही. मग मी सगळं दाखवलं, लाल प्लेट, कोरडी पाठ, वडिलांचा त्रिकोण कुठे असायला हवा होता ते. म्हाताऱ्या काकांनी वाकून बघितलं आणि मान डोलावली, त्यांना दलालसाहेब आठवत होते. मी दुसऱ्या काडीला कापूस लावून प्लेटवर फिरवला आणि भाच्यासमोर धरला. "बाईंनी जिभेला लावून बघितलं. तुम्ही बघा."

त्याने काडी घेतली नाही. मग ओट्याच्या पायरीवर बसला. शेवटी तोच बोलला आणि तेही बायकोकडे बघून, माझ्याकडे नाही. जत्रेतल्या माणसाने सांगितलं होतं की भेगाळलेली डायल शोभत नाही, माझ्याकडे हिची जोडीदार आहे, नवी कोरी, बसवून देतो. "माले वाटनं, फुई खूश हुई," तो म्हणाला. जुनी कुठे आहे म्हणून मी विचारलं. "त्याच माणूसकडे ऱ्हायनी. तो म्हने, तडकेल शे, काय कामनी."

मला त्याची कीव आली असती. आनंद द्यायला गेला, बाईंनी पहिल्याच नजरेत चूक पकडली, आणि "मी विचारलं नाही, चुकलं" एवढी दोन वाक्यं त्याच्याच्याने बोलवली नाहीत. तिथपर्यंत तो माझ्यासारखाच होता. पण त्या दोन वाक्यांऐवजी त्याने बाईंना डॉक्टरकडे नेलं. किल्ल्या काढल्या. स्वतः जत्रेत उभं राहून डायल बदलून घेतली हे ठाऊक असताना, त्यांच्या तोंडात विसरायच्या गोळ्या घातल्या. मला कीव आली नाही. मी त्याला हे सगळं तसंच, याच शब्दांत सांगितलं, शेजारच्या बाया ऐकत असताना.

तो म्हणाला, मी सुरतेला जातो, त्या माणसाला शोधतो, डायल आणून देतो. वर्षभराने पुढच्या जत्रेत तरी सापडेलच.

बाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. पिशवी हातात तशीच. त्या पुढे आल्या आणि त्याच्यासमोर हात पसरला.

"तबकडी गयी ती गयी," त्या म्हणाल्या. "मन्हं डोकं माले परत दे."

भाच्याची बायको आधी हलली. आत गेली, कपाटाच्या किल्ल्या आणल्या, गोळ्यांची पाकिटंही आणली आणि दोन्ही बाईंच्या हातावर ठेवली. किल्ल्या बाईंनी कमरेला खोचल्या. पाकिटं त्यांनी भाच्याच्या मांडीवर ठेवली.

तो सुरती माणूस पुढच्या जत्रेला आलाच नाही. भाचा दोन दिवस तिथे फिरून आला म्हणे. ती डायल आता कुठल्या तरी शौकिनाच्या घड्याळात असेल आणि तो लोकांना फोटो पाठवून विचारत असेल, लाल भेग आहे, ही रंगवलेली नकली असेल का. माझ्याकडे तो फोटो आला तर या एका फोटोला मी उत्तर देईन.

घड्याळ मी पूर्ण खोललं, साफ केलं, चालू केलं. प्लेटचा एक कोपरा मात्र मुद्दाम तसाच ठेवला आहे, एका स्क्रूच्या खाचेत लाल कण आहेत. कुणी कारागीर बघेल तर म्हणेल काय गबाळी बाई आहे. म्हणू दे. पांढऱ्या डायलच्या पाठीवर, त्या गुजराती अक्षरांच्या खाली, मी सुईने कोरलं आहे, "बदली. आधी मूळची म्हटलं, चुकले." खाली माझी स्वतःची खूण केली आहे, या दुकानात बसल्यापासून पहिल्यांदा. पुन्हा कधी कोणी ही डायल उचलली तर त्याला घरातल्या कोणत्याही म्हातारीला वेडी ठरवावं लागणार नाही.

बाई परत दर मंगळवारी येतात. पुस्तक बदलायच्या आधी स्टुलावर बसतात, चहा घेतात, भाच्याच्या तक्रारी सांगतात आणि त्याचं कौतुकही करतात. गेल्या मंगळवारी उठताना त्यांनी पिशवीतून घड्याळ काढलं, डोळ्यांजवळ नेलं.

"अकरा वाजून दहा," त्या म्हणाल्या.

माझ्या भिंतीवर दुरुस्तीला आलेली वीसेक घड्याळं टांगलेली असतात. मी त्यातल्या एकाकडेही बघितलं नाही.

"हो बाई," मी म्हणाले. "अकरा वाजून दहा."